हाड व्हायचं राहून गेलं

मी बोलतोय, सांगलीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावरचा बोटाएवढा पांढरा तुकडा. खडूसारखा दिसतो, पण खडू नाही. हाडात जे क्षार असतात तेच कालवून, भट्टीत भाजून मला घडवलं. अंगभर बारीक भोकं ठेवली, म्हणजे माझ्यातून रक्त फिरेल, नवं हाड आत शिरेल आणि हळूहळू मीही हाडच होईन. एवढ्यासाठीच माझा जन्म.

सत्त्याण्णव साली कडेगावच्या संयोगितासाठी मला मागवलं. नववीतली पोर, खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी. तिची नडगी गाठीनं आतून पोखरली होती. गाठ काढून त्या पोकळीत मला बसवायचं ठरलं.

तिचे वडील नाथाजी निवृत्त फौजी. त्यांनी विचारलं, "ह्यो तुकडा कशाचा म्हनायचा?"

डॉक्टर घाईत होते. सोपं करून म्हणाले, "चिनी मातीसारखाच समजा."

नाथाजी ताठ झाले. बासष्टच्या चीनच्या लढाईत त्यांचा थोरला भाऊ हंबीरराव गेला होता. देहसुद्धा घरी आला नव्हता.

"चिनी? माज्या लेकीच्या पायात? न्हाई जमायचं."

"आवं, नुसतं नाव हाय ते," त्यांची बायको राहीबाई कळवळली. "कपबशीबी त्याचीच असती की!"

"म्हनून तर मी पितळीतनं च्या पितो. ऊठ गं पोरी."

डॉक्टर "अहो, ऐका तरी" म्हणेपर्यंत ते दाराबाहेर पडले होते.

पुढे उसाच्या ओल्या सरीत संयोगिता घसरली. पोकळ नडगी मोडून कातडीबाहेर आली. जखमेत चिखल गेला, विष चढलं. याच डॉक्टरांना तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिला घरी न्यायच्या दिवशी नाथाजींनी मला बघायला मागितलं. डॉक्टरांनी माझं निर्जंतुक पाकीट फोडून मला त्यांच्या राकट तळहातावर ठेवलं.

"ह्यो तर हाडावानीच हाय," ते पुटपुटले. "चीनचा न्हाई?"

"नाही हो. आपल्याच देशात केलाय."

"मग तवा तसं का न्हाई म्हनला, सायेब?"

नाथाजी मला दोन बोटांत धरून उजेडाकडे फिरवू लागले.

"आबा, ठिवा ते खाली," खाटेवरून संयोगिता हळूच म्हणाली. "पडलं तर मोडंल."

पाकिटाबाहेर आलेला मी आता कुणाच्या शरीरात जाण्याजोगा राहिलो नाही. डॉक्टर मला रोग्यांच्या घरच्यांच्या हातात देतात आणि सावकाश सांगतात, "हाडाच्या चुन्याचा आहे." माणसं मान डोलावतात. मग माझे भाऊबंद त्यांच्या लेकरांच्या पायांत जाऊन हाड होतात.

कधी तुमच्या हातात आलो, तर मला लगेच खाली ठेवू नका. तेवढ्यापुरता तरी मी माणसाच्या अंगाला लागतो.