एक हजार नऊ पाहुण्यांची पंगत

उकंडरावांच्या लेकीचं लग्न शेवटी पार पडलं, आणि त्यातला शेवटचा पाहुणा शेजारच्या गावच्या शिवारात जेवला. हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा. अजून कोणी जेवलेलं नाही. मांडवात वरण निवून राहिलंय.

गोष्ट निजामाच्या अमलातली, नरसीच्या बाजूची. नवरदेवाचे वडील तातेराव यांची एकच अट होती. पंगती किती का असेनात, सगळ्या बराबर पाहिजेत. नाहीतर वरात नवरीला न घेता परत. त्यांच्या लग्नात त्यांचा बाप आखूड पंगतीत बसला होता आणि तो डाग अजून निघाला नव्हता. उकंडराव व्हय म्हणाले. व्हय म्हणायला काय जातंय?

पाहुणे निघाले एक हजार नऊ.

माणसं समोर असताना कागदावर कोण मांडतो? सरळ बसवून पाहिलं. दोन पंगती केल्या, एक उरला. उठवलं. तीन केल्या, एक उरला. चार, सहा, सात, आठ, नऊ. दर वेळी एकच. पाच केल्या तेव्हा चार उरले, तेवढीच त्या एकाला सोबत झाली. हा एक म्हणजे नवरदेवाचा चुलता ग्यानबा. गुडघे धरलेले, म्हणून बसायला सगळ्यांत मागं. आवतण दिलेल्या पाहुण्याला परत पाठवता येत नाही, आणि मुलीकडच्यांनी पाहुण्यांआधी घास घ्यायचा नसतो. म्हणजे कमी करता येईना, घरचा माणूस भरता येईना.

उकंडराव रस्त्यावर धावले. हिंगोलीला हळद नेणाऱ्या भीमसिंगाची गाडी अडवून त्याला हात जोडले, एक माणूस पाहिजे म्हणाले.

"एकटा कसा येऊ, मालक?" भीमसिंग म्हणाला. "मागच्या गाड्यांवर तिघं हायेत. त्यांनी काय पाप केलं?"

चौघं आले. एक हजार तेरा झाले. दोन पंगती केल्या. ग्यानबा उरला.

"उकंडराव," ग्यानबा म्हणाला, "आता मला उभ्यानंच वाढा."

मग उकंडरावांनी सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं. पंगत मांडवातून निघाली, मारुतीला वळसा घालून ओढ्यापलीकडं शेजारच्या गावच्या शिवारात गेली. एकाच पंगतीची बरोबरी कोणाशी करणार? तातेरावांना खोट काढता येईना. टोकाला ग्यानबा. त्याच्यापर्यंत वरण पोचायच्या कितीतरी आधी, वरण निघालंय असा निरोप पोचला.

हात धुताना तातेराव शांतपणे म्हणाले, "व्याही, ही पंगत होती का सडक? मांडवपरतणीला पोरीला माहेरी घेऊन हीच माणसं येतील, गाडीवाल्यांसकट. त्या दिवशी पंगती एकाहून जास्त आणि बराबर. न्हाईतर पोरगी तुमच्याकडंच राहू द्या."

लेक आतून ऐकून राहिली होती. उकंडरावांनी दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत अर्ज दिला:

"मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. एक हजार तेरा या आकड्याला कशानंच भाग जात नसल्यानं रयतेस फार तकलीफ आहे. सबब सदर आकड्यास सातानं पुरा भाग जाण्याची मंजुरी मांडवपरतणीच्या दिवसापुरती द्यावी. सातानं कायद्यात बसत नसल्यास तिनानंही चालेल."