वाढत्या अंगाचे पॅड

जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी अख्खं दुकान हसवलं होतं.

त्यांच्या नातीला, भिंगरीला, आइस हॉकीत गोल राखायचा होता, म्हणून पायांचे पॅड घ्यायला बाबा, लेक आणि नात अशी तिघं आली होती. स्केट्स घालून बघायला ठेवलेल्या बाकावर बाबा ऐसपैस बसले. भिंगरी पॅड बांधून समोर उभी राहिली, तर पॅडची वरची कड थेट कमरेला. पोर कसली, दोन गाद्यांमध्ये अडकलेली उशी!

"काका, मोठे होतायत," दुकानदार म्हणाला. "तिला स्केट्स घालून गुडघ्यावर बसू द्या. गुडघा या आतल्या गादीवरच टेकला पाहिजे. निसटला तर उठता येत नाही."

"वाढतं अंग आहे हो! आणि हिचं वेड चार दिवसांचं. पुढे आमच्या नातवाला होतील, त्याच्याच मापाचे द्या." मग बाबांनी लेकीकडे बोट केलं. "ही हिची आई. हीसुद्धा गोल राखणार होती! पहिल्याच सामन्यात पकची चकती राहिली बाहेर, आणि ही स्वतःच जाळ्यात!"

दुकानदार हसला. भिंगरीही हसली. हा किस्सा बाबांनी लेकीच्या लग्नातसुद्धा तिच्या सासरच्यांना ऐकवला होता.

लेक मूग गिळून गप्प बसली. पण आजच्या गप्प बसण्यात पाणी मुरत होतं. उद्या भिंगरीचा पहिला सामना. बाबा पहिल्या रांगेत, दोस्तमंडळींसह. पोर पडेल, धडपडेल, उठता येणार नाही. आणि मग सगळ्यांच्या देखत ती बाबांना एकच गोष्ट सुनावणार होती. लहानपणापासूनचं उट्टं, सव्याज. पोरीला थोडं लागेल, हेही तिनं हिशेबात धरलं होतं.

पहाटे बाबा झोपेतच गेले. नेहमीसारखे, समोरच्याचं ऐकून न घेता.

ती रडली. त्यांचा मफलर उशाशी घेऊन झोपली. माणूस गेला की राग विझतो म्हणतात. तिचा विझला नाही. त्याला फक्त जायला घर उरलं नाही.

सामना पुढे ढकलला गेला होता. नवी तारीख आली, तेव्हा तिनं पॅड पिशवीत भरले. भाऊ दारातच भेटला.

"कुठे?"

"बदलून आणायला."

"अगं, बाबांनी घेतलेली शेवटची वस्तू ती!"

"म्हणूनच."

तो कुरकुरत का होईना, गाडी घेऊन आला. दुकानात भिंगरीनं या वेळी स्केट्स घातल्या, छोटे पॅड बांधले आणि धपकन गुडघे टेकले. गुडघे बरोब्बर गादीवर. उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"आई, बघ ना! पटकन उठता येतं!"

आईनं पाहिलं. मग तिला दुसरीकडे पाहावं लागलं.

"पण हे आमच्या पोराला कधीच होणार नाहीत," भाऊ म्हणाला.

"नाहीच होणार."

"बरं बाई, तुझंच खरं. भिंगरे, तू तरी आईसारखी जाळ्यात पडू नकोस हं!"

दुकानदाराला किस्सा आठवला. तो हसायला लागला.

"दादा," ती म्हणाली, "मला घेतलेले पॅड पुढच्या वर्षी तू घातलेस. कसे बसले होते तुला?"

"मला? एकदम मापात."

"मला ते वर्षभर आधी घेतले होते. तेव्हाही तुझ्याच मापाचे."

भाऊ काउंटरवरच्या मोठ्या पॅडकडे बघत राहिला. "मला कुठे माहीत होतं गं?"

"तुला नव्हतं."

ती रिकाम्या बाकाकडे वळली. आवाज चढवला नाही, पण दुकानात सगळ्यांना ऐकू गेला.

"बाबा, मी पडले नव्हते. तुम्ही मला पाडलंत. आणि जन्मभर हसलात."