तांब्याच्या तारेची माशी

मंदाकिनीबाईंना परदेशात, हॉर्नबीत मुलाकडे येऊन पाच महिने झाले होते आणि पाच महिन्यांत त्यांना कुणी कामाला हात लावू दिला नव्हता. भांड्यांना मशीन, कपड्यांना मशीन, पोळ्या फ्रोजन. वर संग्राम आणि सूनबाई उत्तरा, दोघांचं एकच पालुपद, ‘आई, तू आराम कर.’ आराम करून करून बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता.

त्यामुळे शनिवारी संग्राम ट्राउट मासा पकडायला गळावर खोटी माशी बांधताना घामाघूम झालेला दिसला, तेव्हा त्यांनी त्याला खुर्चीवरून उठवलंच. या माशीला म्हणायचं निम्फ. पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी; गळावर फेझंट पक्ष्याच्या शेपटीची चार पिसं आणि केसाएवढी तांब्याची तार, बस्स. तीन सीझन झाले, लेकाला एक मासा लागला नव्हता, आणि उद्या तीस एप्रिल, मासेमारीच्या सीझनचा शेवटचा दिवस. बाईंनी तार वळली, पिसं गुंडाळली, छाती फुगीर केली, शेपूट निमुळती ठेवली. दोन मुलींच्या वेण्या घालून तयार झालेला हात तो. शेवटी सवयीने खोबरेलाचं बोटही फिरवलं. माशी अशी तुकतुकीत झाली, की बाई स्वतःवरच खूश झाल्या.

रविवारी नदीवर आईसमोर संग्रामने आपल्या तीन माश्या तासाभरात काठावरच्या विलो झाडांच्या फांद्यांना वाहिल्या. मग आईची बांधली. ती बुडेचना. खाली ट्राउट स्पष्ट दिसत होता आणि वर माशी मजेत तरंगत होती.

“कॉपर आहे, बुडायलाच पाहिजे,” संग्राम वैतागला. “काहीतरी राँग आहे.”

बाईंना कालचं खोबरेल आठवलं. गप्प राहावं, असं क्षणभर वाटलं. सांगितलं तर पुन्हा सोफा आणि आराम.

“मी तेल लावलंय,” त्या म्हणाल्या. “आण इकडे.”

काठाशी उकिडव्या बसून त्यांनी चिमूटभर चिखल घेतला आणि तेलकट कढई घासावी तशी माशी घासून काढली, दोनदा विसळली. या वेळी ती सरळ खाली गेली. दोरा थबकला. संग्रामने रॉड उचलला, रॉड वाकला, मासा एकदाच उसळला आणि दोरा तोडून माशीसकट पसार झाला.

संग्रामने गुडघाभर पाण्यात उभ्या उभ्या तुटका दोरा गुंडाळला. मग वळला.

“आई, घरी तार आहे ना अजून? दुपारपर्यंत दोन होतील?”

“चार होतील,” बाई गाडीकडे निघतच म्हणाल्या. “जेवणाचं मात्र तुम्ही दोघं बघा. मला वेळ नाही.”