शेवटी जेवणारा

संस्थेच्या स्वयंपाकघरात भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं: जो शेवटी जेवतो, तो प्रमुख. लिहिलं होतं दादानं. तरुण पोरांना अन्नाचा हक्क मिळवून द्यायला त्यानं ही संस्था काढली, तेव्हा तो स्वतःही तरुण होता. आता केसांना कलप लावून तो ‘आपण तरुण मंडळी’ म्हणायचा. दर बुधवारी संध्याकाळी दार उघडं, येईल त्याला रस्सा आणि पाव, कुणाला काही विचारायचं नाही. प्रमुखानं ओगराळं हातात घेऊन सगळ्यांना वाढायचं आणि उरलं तर आपण खायचं. सगळ्यांना दिसेल असं दादा रिकामं पातेलं कलतं करायचा, “चला, आज आपला उपास,” म्हणायचा, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

थोरलीला मात्र त्याचा ढेकर ऐकू यायचा. थोरली म्हणजे स्वयंपाकघर चालवणारी. शाळेत असताना भुकेपोटी या रांगेत उभी राहिली आणि इथलीच झाली. पोरांत वयानं मोठी, म्हणून थोरली. उपाशी माणसाला असा ढेकर येत नाही, एवढं कळायला पदवी लागत नाही. पण तिनं मूग गिळले. बुधवारचं पातेलं चुलीवर चढत होतं, आणि दादानंतर ओगराळं तिच्याच हातात येणार, असं दादानंच चारचौघांत सांगितलं होतं.

मग दादाला कुठल्याशा बड्या सल्लागार मंडळावर खुर्ची मिळाली आणि प्रमुखपद त्यानं बहिणीच्या मुलाला देऊन टाकलं. आयत्या बिळावर नागोबा! भाचेबुवांनी जन्मात कांदा चिरला नव्हता, पण ‘भुकेचं व्यवस्थापन’ या विषयावर ते तासभर बोलू शकत, आणि कुणी अडवलं नाही तर बोलतही. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या बुधवारपासून पास. भूक लागलेल्यानं आधी घरची परिस्थिती सिद्ध करायची, मग जेवायचं. शाळकरी पोरं सिद्ध काय करणार, पोट उघडून दाखवणार का, असं थोरलीनं विचारलं. दादानं हसून तिची पाठ थोपटली. ती जरा हळवी आहे, असं त्यानं भाच्याला समजावलं, तिच्यासमोरच.

सूत्रं सोपवायचा समारंभ बुधवारीच, स्वयंपाकघरातच ठेवला, म्हणजे रांगेचेही फोटो मिळतील. देणगीदार पुढच्या खुर्च्यांवर, पोरं मागं भिंतीला टेकून, पोटात कावळे ओरडत. दादा भुकेवर खूप वेळ बोलला. भरल्या पोटी भुकेबद्दल कंठ चांगला फुटतो. मग रिबीन बांधलेलं ओगराळं भाचेबुवांच्या हातात आलं आणि त्यांचं भाषण सुरू झालं. बिचारे अजून खोटं बोलायला शिकले नव्हते. तेवढा वेळच मिळाला नव्हता.

“मामानं मला नेतृत्वाचा पहिला धडा लहानपणीच दिला,” भाचेबुवा कौतुकानं म्हणाले. “दर बुधवारी तो आमच्याकडे जेवायचा आणि मगच इथं यायचा. म्हणायचा, रिकाम्या पोटी वाढायला उभं राहू नये, हात आखडतो. मीसुद्धा आज पोटभर जेवून आलोय.”

पोरांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं, मग दादाकडे. दादा छताकडे पाहत होता. देणगीदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना धडा पटला होता.

थोरलीला रागही आला नाही, किळस वाटली. दादाची वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची, इतकी वर्षं त्या ढेकराला मान दिल्याबद्दल.

वाढायला सुरुवात झाली ती देणगीदारांपासून. फोटो चांगले यावेत म्हणून भाचेबुवा ओगराळं काठोकाठ भरत होते. पोरांपर्यंत येईतो ते अर्ध्यावर आलं. थोरली मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा पातेलं खरवडून झालं होतं.

“संपलं, ताई. तुम्ही आधी यायचं ना,” भाचेबुवा म्हणाले.

तिनं भिंतीकडे बोट केलं. “शेवटी कोण राहिलं?”

त्यांनी मान वर करून ओळ वाचली. डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

“ओगराळं द्या इकडे,” थोरली म्हणाली.

धुवायला मागतेय असं समजून त्यांनी ते लगेच दिलं, हात पुसले आणि ते फोटोला गेले.

पुढच्या बुधवारी भाचेबुवा पुढच्या दाराशी टेबल मांडून बसले. पास, शिक्के, पेनं, सगळं कसं शिस्तीत. अंधार पडला तरी एकही माणूस फिरकला नाही. आपण नुसता पास काढला आणि वस्तीतली भूकच संपली, असं त्यांना वाटू लागलं, आणि त्यांनी तसं मामाला फोन करून कळवलंही. उठून स्वयंपाकघरात डोकवावं, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. तशी सवयच नव्हती.

रांग मागच्या दाराला लागली होती. थोरली वाढत होती. ती अजून जेवली नव्हती.