एबोचा आवाज

समुद्र ज्याला नेतो त्याचे काहीतरी तो किनाऱ्याला परत देतो, असा आमच्या आपाम या कोळीगावाचा पूर्वापार विश्वास आहे. कधी देह, कधी होडीची फळी, कधी नुसती टोपी. एबोच्या वेळी मात्र त्याने हा नेम मोडला. हेरिंग मासळीच्या हंगामात गेलेली होडी, तिच्यावरची माणसे, जाळी, इंजिन, सारे त्या अथांग उदरात असे मावले की जणू कधी नव्हतेच. हंगाम सरला, होड्या वाळूवर ओढल्या गेल्या, आणि कुळातील वडीलधाऱ्यांनी विचारविनिमय करून येत्या शनिवारी अंत्यविधी करण्याचे ठरवले.

एबोची आई अराबा बेंत्सिवा हिने आपला भाऊ ओतू याला एकच अट घातली. आमच्यात मूल आईच्या कुळाचे मानतात आणि अशा प्रसंगी मामाचा शब्द अखेरचा असतो. तरीही त्या अटीपुढे ओतूची मान खाली गेली.

“देह नाही, केस नाही, नख नाही,” अराबा म्हणाली होती. “मग निरोप देऊ कुणाला? रिकाम्या पेटीला? त्याचा आवाज चर्चमध्ये घुमू दे. तो ऐकला की मी म्हणेन, गेला. तोवर कुणी मला रडायला सांगू नका.”

एबो चर्चच्या गायकवृंदात गात असे. त्याच्या कंठाला दैवी देणगी होती, हे त्याचा हेवा करणारेही मान्य करत. इतरांच्या फोनमध्ये वृंदाची गाणी होती, पण त्या समुदायात त्याचा स्वर निराळा निवडता येत नसे. त्याचा स्वतःचा फोन त्याच्याबरोबरच बुडाला. तो एकटा गायला होता ते केवळ घरातल्या जुन्या संगणकापुढे. परदेशातून वापरलेल्या वस्तूंचे कंटेनर येतात, त्यातून अक्राच्या बाजारात त्याने तो निवडून आणला होता, आणि खिडकीजवळ बसून, दार लावून, तो त्यात आपली स्तोत्रे साठवीत असे. आता तो संगणक सुरू होत नव्हता.

गुरुवारी सकाळी अराबा डोक्यावर चुंबळ ठेवून, तिच्यावर तो जड सीपीयू तोलून, मोटार अड्ड्याजवळच्या फिफी अमिसाच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात आली. अंगावर काळे वस्त्र, चाल मात्र नेहमीची, बाजारात मासळी नेताना असते तशी.

“मावशी, हा डबा माझ्यापेक्षा वयानं मोठा दिसतोय,” तो उतरवून घेत फिफी म्हणाला.

“आणि तुझ्यापेक्षा गुणी आहे. एका हाकेला उठायचा.”

“मग आता का रुसलाय?”

“ते तू सांगायचं. मी मासळीवाली. मासा रुसला तर मला विचार.”

फिफीने तारा जोडल्या आणि बटण दाबले. आतला पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग यंत्राने लांबलचक बीप दिले, एकामागून एक, कण्हणाऱ्या रुग्णासारखे. पडदा काळाच राहिला.

“हे काय बोलतोय तो?” अराबाने विचारले.

“तक्रार करतोय. रॅम सापडत नाही म्हणतो. म्हणजे कसं, मावशी, माणूस जागा झालाय पण त्याला काही आठवत नाहीये.”

“माझ्या भावासारखं.”

फिफी हसला. स्क्रू काढून त्याने बाजूचा पत्रा अलगद सरकवला. समुद्रकाठच्या यंत्रांत त्याला जे नित्य दिसे ते येथेही होते: धुळीचे जाळे, खाऱ्या वाऱ्याने चढलेला गंज, एक वाळलेले झुरळ. पण त्याखाली जे दिसले ते पाहून त्याचा हात थबकला. वरच्या जाळीपासून खाली मदरबोर्डपर्यंत पांढरे ओघळ सुकले होते. रॅमच्या खाचांत पांढरा थर साचला होता, आणि तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या.

“मावशी, घर गळतं का?”

“माझं? ओतूचं डोकं गळतं, माझं छप्पर नाही.”

“मग हे पाणी कुठलं?”

अराबाने मागे वळून रस्त्याकडे पाहिले, आणि चर्चमध्ये बोलावे तशा हळू स्वरात ती सांगू लागली. किनाऱ्यावरच्या प्रार्थनाघरात ती गेली होती. तिथल्या प्रेषिताने तिच्यासाठी उपवास धरला आणि मग सांगितले, की परतणाऱ्या लाटेचे पाणी घे, आणि तुझ्या मुलाचा हात ज्याला ज्याला लागला त्याच्यावर रोज पहाटे शिंपड. समुद्राचे समुद्राला ओळखवून दे, म्हणजे तो तुझे तुला ओळखवून देईल.

“अंथरुणावर शिंपडलं. सदऱ्यावर शिंपडलं. त्याच्या वल्ह्यावर. पण सगळ्यात जास्त याच्यावर, कारण सगळ्यात जास्त हात यालाच लागायचा. वरून जाळी आहे ना, तिथून आत सोडायची. आत त्याचा आवाज आहे म्हणून. आणि मग बटण दाबून बघायची. आधी उठायचा, बाळा. पडदा उजळायचा. गाणं लावायला मला येत नाही, पण त्याचा हा सोबती उठला एवढं मला पुरे व्हायचं. मग एक दिवस उठेना.” ती थांबली. “मग मी पाणी वाढवलं.”

ज्या श्रद्धेने ती हे सांगत होती तिच्यासमोर फिफीला खरे कारण सांगवेना. तो कामाला लागला. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात त्याने खोडरबरने घासले. खाचा मऊ ब्रशने आणि स्पिरिटने पुसल्या, पुन्हा पुसल्या. नाण्याएवढा सेल बदलला, वीजपुरवठ्याचा डबा दुसऱ्या यंत्राचा काढून लावला. शेवटी त्याने हार्ड डिस्क हातात घेऊन उलटी केली. तिच्या पाठीवरची छोटी पट्टीही हिरवी झाली होती.

“मावशी, ऐका. एबोचं सगळं यात आहे. हिला आज वीज देऊ नये, असं माझं मत आहे. अक्रात एक माणूस आहे, तो हिची पाठ बदलतो. नाताळापर्यंत जमेल. कदाचित जमणारही नाही. पण आज इथं लावली तर एका क्षणात जळेल.”

“शनिवार परवा आहे, फिफी.”

“माहीत आहे.”

“ओतूनं मांडव सांगितलाय. ताकोराडीहून माणसं निघालीत. नाताळपर्यंत त्यांना काय खायला घालू? लाव.”

त्याने डिस्क पुन्हा जागेवर बसवली, तारा जोडल्या. तेवढ्यात अराबाने कमरेच्या गाठीतून एक लहान बाटली काढली.

“थांब. सुरू करण्याआधी दोन थेंब.”

“नको!”

तो ओरडला, आणि त्याने तिचे मनगट धरले. डाव्या हाताने धरले. आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला वस्तूही देत नाहीत, मग वडीलधाऱ्या स्त्रीला स्पर्श करणे दूरच. फिफी विस्तव लागल्यासारखा मागे झाला.

“माफ करा, मावशी. डावा हात लागला. माफ करा.”

पण अराबा त्याच्या हाताकडे पाहत नव्हती. ती त्या उघड्या यंत्राकडे पाहत होती. तिने वाकून नखाने तो पांढरा थर थोडा खरवडला आणि जिभेवर ठेवली. आयुष्यभर जिने मासळी खारवली तिला ती चव कुणी सांगायला नको होती. मग तिने बाटलीचे झाकण घट्ट लावले आणि ती परत गाठीत बांधली.

“लाव,” ती म्हणाली.

फिफीने बटण दाबले. या वेळी यंत्राने एकच आखूड बीप दिला. पडद्यावर पांढरी अक्षरे धावली, थबकली, पुन्हा धावली, आणि आपामच्या बंदराचे चित्र उमटले. त्या चित्रावर पिवळ्या फोल्डरची एक खूण होती. खाली एबोचे नाव.

“ऐकव,” अराबा म्हणाली.

“आधी दुसरीकडे उतरवून घेऊ. मग शंभरदा ऐका.”

हाच त्याच्या विद्येचा नियम होता, आणि तो योग्यच होता. पेन ड्राइव्ह लावून त्याने प्रत करायला सुरुवात केली. हिरवी पट्टी थोडी पुढे सरकली. मग डब्यातून टक्, टक् असा आवाज येऊ लागला, कुणी आतून दार वाजवावे तसा. पट्टी जागीच थिजली. फिफीने वाट पाहिली. टक्. त्याने प्रत करणे सोडून दिले आणि गाणेच उघडले.

प्रथम घसा खाकरल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली. मग एबो गाऊ लागला. ते स्तोत्र आपाममधल्या प्रत्येकाला पाठ आहे. वादळातल्या नावाड्याने प्रभूला मारलेली हाक आहे त्यात. पहिली ओळ स्वच्छ आली. दुसरी ओळ अर्ध्यावर असताना स्वर एकाच अक्षरावर अडकला, थरथरत राहिला, अमानुषपणे लांबला आणि तुटला. पडदा काळा झाला. डब्यातले टक् टक् काही काळ चालले, मग तेही थांबले. फिफीने सारे उपाय करून पाहिले. त्याने पेन ड्राइव्ह तपासला. गाण्याचे नाव होते, आत काही नव्हते.

“गेला,” अराबा म्हणाली. आणि जिने इतके दिवस कुणाला आपले अश्रू दाखवले नव्हते ती त्या लोखंडी पत्र्याच्या दुकानात, तारांच्या भेंडोळ्यांमध्ये बसून रडली.

ओतू आला तेव्हा ती डोळे पुसत होती.

“झालं का रे? कर्णेवाला विचारतोय गाणं कशात आहे.”

फिफीने मान खाली घातली. “मामा, माझ्या हातून बिघडलं.”

“बिघडलं म्हणजे?”

“आता काही निघणार नाही.”

“वा रे पंडित!” ओतूचा आवाज अड्ड्यापर्यंत गेला. “तुझ्या बापानं अर्ध्या गावाची इंजिनं बसवली, ती पुन्हा उठलीच नाहीत. आता तू उरलेलं बसव! एका आईनं एवढंसं मागितलं होतं...”

“त्याला बोलू नकोस, दादा,” अराबा म्हणाली.

“का बोलू नको? मी उद्या वृंदाला काय सांगू?”

“सांग, की पाणी मी घातलं.”

“कसलं पाणी?”

“समुद्राचं. रोज पहाटे. मासा टिकावा म्हणून मीठ लावतात ना, तसं मी माझ्या लेकराला लावलं. या पोरानं फक्त झाकण उघडलं.”

ओतू तिच्याकडे, मग त्या उघड्या डब्याकडे पाहत राहिला. मग खांद्यावरचे वस्त्र सावरून तो दारातल्या पेटाऱ्यावर बसला. बाहेर गाडीवाले कासोआ, कासोआ म्हणून उतारूंना हाका मारत होते. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

“अक्रात कुणी आहे म्हणतात.”

“आहे,” फिफी लगबगीने म्हणाला. “अजूनही पाठवता येईल. पाठ बदलून बघतील. अगदीच आशा नाही असं नाही.”

“मग विधी पुढे ढकलू. माझ्या नावावर लोक काय बोलायचं ते बोलोत. आपल्या कुळातल्या एकुआच्या वेळीही ढकलला होता.”

“नको,” अराबा म्हणाली.

“अगं, एकदा विचार तरी...”

“आशेनंच मला लाटेपर्यंत नेलं, दादा. आता मला आशा नको.” ती फिफीकडे वळली. “त्याचा आवाज ज्यात आहे तो तुकडा वेगळा काढता येतो का?”

“येतो.”

“अजून आहे त्यात?”

“आहे, मावशी. आतच आहे. बाहेर यायची वाट तेवढी बुजली.”

“मग काढून दे. पेटीत ठेवायला काहीतरी झालं.”

फिफीने हार्ड डिस्क सोडवली. कोरड्या फडक्याने पुसून, अराबाने फाडून दिलेल्या काळ्या वस्त्राच्या टोकात गुंडाळून त्याने ती दिली. दोन्ही हातांनी दिली.

शनिवारी चर्चमध्ये वृंदाने ते स्तोत्र म्हटले. कुणी म्हणाले चांगले झाले, कुणी म्हणाले नाही. पेटीत एबोचा सदरा होता, आणि सदऱ्याच्या घडीत ते काळे पुडके. खांदेकऱ्यांना वजन जाणवत नव्हते, म्हणून ते नकळत भरभर चालत होते. दफनभूमीकडे उतरणाऱ्या वाटेवर पुढच्या माणसाचा पाय खडीवरून घसरला, पेटी कलली, आणि आत काहीतरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाऊन फळीवर आपटले.

सारी अंत्ययात्रा जागीच उभी राहिली. मागच्या ओळीत असलेला फिफी पुढे आला आणि घसरलेल्या माणसाच्या बाजूला त्याने खांदा दिला. मग खांदेकऱ्यांनी पेटी खाली घेतली, हातांवर धरली, आणि खड्ड्यापर्यंत तिला पुन्हा कलू दिले नाही.