हंसाचा झगा

मुखवट्यांच्या पार्टीत हंसाचा पांढरा झगा घातलेली एक बाई बेभान नाचत होती. झगा माझ्याच मशीनवर शिवलेला. नणंदेनं मैत्रिणीची म्हणून मापं लिहून दिली होती. "दमले गं बाई!" म्हणत ती माझ्याशेजारी टेकली आणि तो आवाज ऐकून मी गारच पडले. सासूबाई! गुडघे गेले म्हणून तीन वर्षं मी ज्यांना धरून धरून आंघोळ घालतेय, त्या सासूबाई!

माझं डोकंच फिरलं. माझा मांजराचा मुखवटा ओढून काढून जाब विचारणार, तेवढ्यात मला न ओळखता त्या म्हणाल्या, "सुनेला वाटतं, माझे गुडघे गेलेत. ते कधीच बरे झालेत हो. पण तिला सांगितलं, तर ती मशीन सोडून माझ्याजवळ येईल कशाला?"

माझा हात मुखवट्यावरच राहिला.