याला पुरुष म्हणायचं?

तेक-सेंगचा आवाज घशाच्या आजारानं कायमचा गेला आणि बाहुल्यांच्या खेळातले राजे, डाकू, म्हाताऱ्या सगळे त्याच्या बायकोच्या, लुआनच्या गळ्यात येऊन पडले. तो आता मागे बसून ढोल वाजवी.

त्या दुपारी, तैवानच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, देवळासमोर लुआनच्या हातातला सेनापती गरजला, "भावाचा मुडदा दारात पडलाय आणि हा भात गिळतोय! याला पुरुष म्हणायचं?"

आवाज होता तेव्हा तेक-सेंग ही ओळ थुंकल्यासारखी टाकी आणि लगेच ढोलाचा दणका उठे. उत्तराला जागाच नसे. लुआननं शेवटी सूर वर नेला आणि थांबली. खरंच विचारत असल्यासारखी.

माना बुन-लियोंगकडे वळल्या. हिवाळ्यात बंदरावर त्याच्या भावाला भोसकलं होतं. भोसकणारा हाय-ताउ साक्षीदार फिरल्यानं सुटला होता आणि पहिल्याच बाकावर कालवं घातलेलं ऑम्लेट खात होता.

"नाही म्हणायचं!" बुन-लियोंग उठला. उसाच्या गाड्यावरचा कोयता त्यानं खेचला. पहिला घाव हाय-ताउच्या खांद्यात रुतला. दुसऱ्या घावाला हाय-ताउनं पंजा आडवा धरला, तर बोटं तुटून ताटलीत पडली. बाकं उलटली. रक्तावरून घसरत माणसं पळाली.

लुआन माईकवर म्हातारीच्या आवाजात किंचाळली, "मेल्यांनो, एका आईनं किती पोरं पुरायची रे!"

कोयता वरच थबकला. तेवढ्यात लोकांनी बुन-लियोंगला आडवा पाडला आणि बरगड्या मोडेस्तोवर तुडवला.

हाय-ताउ जगला. बुन-लियोंग तुरुंगात गेला.

काही दिवसांनी त्याची आई काठी घेऊन लुआनच्या दारात उभी राहिली.

"तुला उत्तर हवं होतं का गं?"

"नाही, काकू."

"मग थांबलीस कशाला, बये?"

काठी कपाळावर बसली. भुवई फुटली. तेक-सेंग मध्ये पडला, पण लुआननं त्याला बाजूला सारलं. म्हातारी हात दुखेपर्यंत मारत राहिली आणि मग उंबऱ्यातच मटकन बसली.

"आता मी भात कुणासाठी शिजवू?"

लुआननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेक-सेंगनं तिचं मनगट घट्ट धरलं.